गिटारचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण

गिटारचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण : अकूस्टिक (विद्युत् विवर्धनाशिवाय वाजणाऱ्या) गिटारचा ध्वनी दोन मायक्रोफोनांनी टिपून दोन स्वतंत्र ध्वनिमार्गांवर मुद्रित करण्याची क्रिया. असे मुद्रण दोन ध्वनिक्षेपकांतून (लाउडस्पीकरांतून) ऐकताना श्रोत्याला स्वरांबरोबरच वाद्याचे स्थान, त्याची रुंदी, त्याचे अंतर आणि भोवतालच्या जागेचा निनाद यांचीही जाणीव होते. पूर्वी हे काम केवळ सुसज्ज ध्वनिमुद्रणगृहातच होऊ शकत असे. चुंबकीय फीत, कॅसेट व त्यानंतर संगणक यांच्या प्रसारामुळे ते राहत्या घरातही शक्य झाले आहे. मात्र घरातील खोली ध्वनिमुद्रणासाठी बांधलेली नसते. त्यामुळे येथे मायक्रोफोनांच्या गुणवत्तेपेक्षा त्यांची परस्परांतील मांडणी, वाद्यापासूनचे अंतर आणि खोलीचे ध्वनिगुण या तीन गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असून एक बदलली की, उरलेल्या दोहोंचा पुन्हा विचार करावा लागतो.

ऐतिहासिक आढावा : दोन मार्गांनी ध्वनी वाहून नेण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथील विद्युत् प्रदर्शनात केला. ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ओळीने प्रेषक ठेवून त्यांचे संकेत टेलिफोनच्या तारांनी प्रदर्शनस्थळी आणले होते. प्रत्येक श्रोता दोन्ही कानांना दोन वेगळी ग्राहियंत्रे लावी आणि त्याला गायकांच्या रंगमंचावरील हालचाली जाणवत. या प्रयोगामागे मात्र पद्धतशीर सिद्धांत नव्हता.

तो सिद्धांत ॲलन डौअर ब्लमलाइन (१९०३–४२) या ब्रिटिश अभियंत्यांनी मांडला. चित्रपटगृहात नट पडद्यावर एका बाजूला असताना त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणच्या ध्वनिक्षेपकातून येतो, ही विसंगती खटकल्याने ते या प्रश्नाकडे वळले, असे सांगितले जाते. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी केलेल्या एकस्वाच्या (पेटंटच्या) अर्जावर १९३३ मध्ये ३९४३२५ क्रमांकाचे ब्रिटिश एकस्व मिळाले. त्यात मायक्रोफोनांच्या जोड्या, बेरीज-वजाबाकी करणारी विद्युत् मंडले आणि एकाच खोबणीत दोन मार्ग कोरण्याची रीत यांचा समावेश होता. जानेवारी १९३४ मध्ये लंडनमधील ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात टॉमस बीचम यांच्या दिग्दर्शनाखालील वाद्यवृंदावर त्यांनी या पद्धतीचे प्रयोग केले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या चाचणीसाठी उड्डाण केलेले विमान ७ जून १९४२ रोजी कोसळून ब्लमलाइन मरण पावले. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ मध्ये. त्यांतील खोबणीची रचना तत्त्वतः ब्लमलाइन यांनी सुचविलेलीच होती.

घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास समांतर चालला. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी हॉलिवुडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रणाची सामग्री उभारली होती. एकट्याने वाजविलेले गिटारचे आठ भाग एकमेकांवर मुद्रित करून तयार केलेली त्यांची ‘लव्हर’ ही तबकडी १९४८ मध्ये निघाली. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीचे, साध्या कॅसेटवर चार मार्ग मुद्रित करणारे ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र आले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सी राज्यातील आपल्या राहत्या घरी याच यंत्रावर, दोन साध्या मायक्रोफोनांच्या साहाय्याने, गाण्यांचे कच्चे नमुने मुद्रित केले. वाद्यवृंदासह ती गाणी पुन्हा मुद्रित करून पाहिली असता मूळ नमुनेच अधिक परिणामकारक वाटले व तेच त्या वर्षी ‘नेब्रास्का’ या नावाने प्रकाशित झाले. घरी केलेले गिटारचे मुद्रण स्वतंत्र कलाकृती म्हणून मान्य होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

दिशाज्ञान व स्टिरिओचे तत्त्व : मनुष्याला ध्वनीची दिशा प्रामुख्याने दोन कानांना मिळणाऱ्या ध्वनींतील फरकांवरून कळते. लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्ये मांडलेल्या द्विविध उपपत्तीनुसार हे फरक दोन प्रकारचे असतात. डावीकडून येणारा ध्वनी उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा कालभेद जास्तीत जास्त सु. ०·६ ते ०·७ मिलिसेकंद असतो आणि तो मुख्यतः १,५०० हर्ट्‌झच्या खालील कंप्रतांना (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांना) उपयोगी पडतो. त्यावरील कंप्रतांची तरंगलांबी डोक्याच्या मानाने लहान असल्याने डोक्याची ‘सावली’ पडते आणि दूरच्या कानाला ध्वनी क्षीण ऐकू येतो. हा तीव्रताभेद होय.

यावरून दोन मायक्रोफोन म्हणजे दोन कान, अशी समजूत होणे साहजिक आहे. ती बरोबर नाही. ध्वनिक्षेपकांतून ऐकताना डाव्या ध्वनिक्षेपकाचा ध्वनी उजव्या कानालाही पोहोचतो व उजव्याचा डाव्याला. म्हणजे कानांपर्यंत दोन नव्हे, तर चार ध्वनी येतात. ब्लमलाइन यांनी हे ओळखले. दोन ध्वनिक्षेपकांतून येणाऱ्या ध्वनींत केवळ तीव्रतेचा फरक ठेवला, तर कानांपाशी या चार ध्वनींच्या मिश्रणातून कमी कंप्रतांसाठी आपोआप योग्य असा कालभेद उत्पन्न होतो, हे त्यांनी दाखविले. तीव्रताभेद शून्य असेल, तर ध्वनी दोन्ही ध्वनिक्षेपकांच्या बरोबर मधून आल्याचा भास होतो. तो सु. १५ ते १८ डेसिबेल झाला की, भासमान उगम पूर्णपणे एका ध्वनिक्षेपकाशी जातो. केवळ कालभेदानेही असे विस्थापन होते व त्यासाठी सु. १ ते १·५ मिलिसेकंदांचा फरक पुरतो, पण अशा वेळी भासमान उगमाच्या कडा काहीशा अस्पष्ट राहतात. मायक्रोफोनांच्या सर्व मांडण्या म्हणजे या दोन भेदांची कमी-अधिक प्रमाणातील निवड होय.

गिटारचे ध्वनिप्रसारण : नेहमीच्या स्वरमेळात गिटारच्या सहा तारांच्या कंप्रता जाड तारेपासून अनुक्रमे ८२, ११०, १४७, १९६, २४७ व ३३० हर्ट्‌झ (पूर्णांकांत) असतात. तार स्वतः फारच थोडा ध्वनी बाहेर टाकते. तिची कंपने घोडीमार्फत वरच्या फळीला मिळतात आणि ही फळी हवेला हलविते. पेटीतील हवा व ध्वनिछिद्र मिळून एक अनुस्पंदक (विशिष्ट कंप्रतेला जोराने प्रतिसाद देणारी रचना) बनतो. त्याची कंप्रता सु. १०० हर्ट्‌झच्या आसपास असते. वरच्या फळीचे पहिले प्रबळ अनुस्पंदन सु. २०० हर्ट्‌झच्या जवळपास आढळते. कमी कंप्रतांचा ध्वनी वाद्यातून जवळजवळ सर्व दिशांना पसरतो. कंप्रता वाढत जाते, तसतशी फळी लहानलहान भागांत विभागून कंप पावते आणि प्रत्येक भागाचा ध्वनी निराळ्या दिशेला जोराने जातो. [→ गिटार].

याचा अर्थ असा की, गिटार हा ध्वनीचा एक बिंदू नसून एक पृष्ठभाग आहे. ध्वनिछिद्रासमोर जवळ ठेवलेल्या मायक्रोफोनास हवेच्या अनुस्पंदनामुळे घुमणारा, पोकळ खर्ज मिळतो. घोडीच्या मागील फळीसमोर लाकडाचा भरीव व काहीसा सपाट नाद मिळतो. दांडी पेटीला मिळते तेथे तारांची स्पष्टता, तारांवरून बोटे सरकण्याचा आवाज आणि माफक खर्ज यांचा मेळ आढळतो. हा सांधा नायलॉनच्या तारांच्या अभिजात गिटारमध्ये बाराव्या पडद्यापाशी, तर पोलादी तारांच्या अनेक गिटारांमध्ये चौदाव्या पडद्यापाशी असतो. मायक्रोफोन १० सेंमी. सरकविला, तरी ध्वनीचा रंग बदलतो, तो यामुळेच. वाद्याचा संपूर्ण मेळ प्रत्यक्षात काही अंतरावर, सर्व भागांचे ध्वनी एकत्र मिसळल्यावरच तयार होतो.

खोलीचा परिणाम : राहत्या घरात हे ‘काही अंतर’ मिळणे हाच खरा अडसर असतो. वाद्यापासून दूर जावे, तसा थेट येणारा ध्वनी क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की, तो सु. ६ डेसिबेलने उतरतो. भिंतींवरून परावर्तित होऊन खोलीभर पसरलेला ध्वनी मात्र सर्वत्र जवळपास सारखाच राहतो. ज्या अंतरावर हे दोन्ही ध्वनी समान होतात, त्याला क्रांतिक अंतर म्हणतात. गिलाव्याच्या भिंती व फरशी असलेल्या, सामान नसलेल्या सु. ३ × ३·६ मी. (१० × १२ फूट) खोलीत हे अंतर अवघे ३० ते ४० सेंमी. भरते. त्यापलीकडे सर्वदिश मायक्रोफोन ठेवल्यास मुद्रणात गिटारपेक्षा खोलीच अधिक येते. मोठ्या सभागृहातील रेंगाळता निनाद श्रवणीय असतो, तर लहान खोलीतील परावर्तने इतकी लवकर येतात की, ती निनाद म्हणून वेगळी न जाणवता मूळ स्वराचा रंगच बिघडवितात.

याशिवाय समांतर भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण होतात. ३·०५ मी. अंतराच्या भिंतींमध्ये मूळ स्थिर तरंगाची कंप्रता सु. ५६ व दुसऱ्याची सु. ११३ हर्ट्‌झ येते. छताची उंचीही सु. ३ मी. असेल, तर दोन्ही दिशांचे तरंग जवळजवळ एकाच कंप्रतेवर येऊन परस्परांना बळ देतात. ही दुसरी कंप्रता गिटारच्या पाचव्या तारेच्या (११० हर्ट्‌झ) व पेटीतील हवेच्या अनुस्पंदनाच्या अगदी निकट आहे. त्यामुळे अशा खोलीत काही खर्ज स्वर गदगदल्यासारखे, तर काही हरवल्यासारखे ऐकू येतात. दोष वाद्याचा नसतो व मायक्रोफोनाचाही नसतो. वादकाने खोलीच्या मध्यबिंदूवर किंवा कोपऱ्यात न बसता, लांब बाजूवर साधारण एकतृतीयांश अंतरावर बसून पाहिल्यास हा परिणाम सौम्य होतो.

जमिनीवरील परावर्तनाचेही गणित पाहण्याजोगे आहे. वाद्य व मायक्रोफोन दोन्ही जमिनीपासून ७० सेंमी. उंचीवर आणि परस्परांपासून ६० सेंमी. अंतरावर असतील, तर फरशीवरून येणाऱ्या ध्वनीला सु. ९२ सेंमी. अधिक मार्ग कापावा लागतो. त्यामुळे होणाऱ्या सु. २·७ मिलिसेकंदांच्या विलंबाने सु. १८७ हर्ट्‌झपाशी थेट व परावर्तित तरंग परस्परविरोधी होतात आणि तिसऱ्या मोकळ्या तारेच्या (१९६ हर्ट्‌झ) परिसरातील स्वर काही अंशी क्षीण होतात. मधल्या जागेत जाड सतरंजी अंथरल्याने वरच्या कंप्रतांची परावर्तने कमी होतात. खर्जाची मात्र तशी होत नाहीत, कारण तरंगलांबीच्या मानाने सतरंजीची जाडी नगण्य असते. खर्जासाठी कापसाच्या गाद्या, गोधड्यांच्या चळती, कपड्यांनी भरलेली उघडी कपाटे यांसारखे जाड शोषक लागतात. पुस्तकांच्या खालीवर भरलेल्या मांडण्या परावर्तित ध्वनी विखुरतात व तोही लाभच असतो. पूर्ण मृत खोली करण्याचे कारण नाही. वादकाच्या मागे व बाजूंना शोषण, आणि समोर थोडी मोकळीक, एवढे सामान्यतः पुरते.

मायक्रोफोनांची निवड : मायक्रोफोनाची दिशाग्रहणक्षमता तीन मुख्य प्रकारची असते. सर्वदिश मायक्रोफोन सर्व बाजूंचा ध्वनी सारखा घेतो. हृदयाकृती मायक्रोफोन समोरचा पूर्ण, बाजूचा निम्मा आणि मागचा जवळजवळ शून्य घेतो. द्विदिश मायक्रोफोन पुढचा व मागचा सारखाच घेतो, परंतु बाजूंचा घेत नाही. त्याचा आलेख इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो आणि पुढच्या व मागच्या ध्वनींचे संकेत परस्परविरुद्ध ध्रुवतेचे असतात. हृदयाकृती मायक्रोफोन खोलीतील पसरलेला ध्वनी कमी घेत असल्याने तो सर्वदिश मायक्रोफोनाच्या सु. १·७ पट अंतरावर ठेवता येतो. घरगुती कामात त्याला पसंती मिळते, ती यासाठी. तथापि दिशिक मायक्रोफोन उगमाच्या ३० सेंमी.पेक्षा जवळ नेल्यास त्यात खर्ज अवाजवी वाढतो. या सामीप्य परिणामापासून सर्वदिश मायक्रोफोन मुक्त असतो.

गिटारचा सूक्ष्म, चटकन उठणारा ध्वनी टिपण्यास लहान पडद्याचे धारित्र (कंडेन्सर) मायक्रोफोन विशेष योग्य ठरतात. त्यांना बहुधा ४८ व्होल्ट एकदिश विद्युत् दाब लागतो व तो ध्वनिसंकेताच्याच तारांतून पुरविला जातो. दोन्ही मायक्रोफोन एकाच प्रतिमानाचे व शक्यतो जुळवून निवडलेले असावेत, कारण त्यांच्यातील फरक ऐकताना दिशेच्या फरकासारखा भासतो. कोकण, गोवा व मुंबई यांसारख्या दमट हवेच्या प्रदेशांत धारित्र मायक्रोफोनात ओलाव्यामुळे करकर उद्भवू शकते. म्हणून वापर नसताना ते सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवणे हितावह असते. [→ मायक्रोफोन].

मांडणीच्या पद्धती : (१) समस्थानी जोडी : दोन मायक्रोफोनांचे पडदे एकमेकांच्या अगदी वर-खाली ठेवून तोंडे निरनिराळ्या दिशांना वळवितात. दोहोंपर्यंत ध्वनी एकाच वेळी पोहोचत असल्याने कालभेद नसतो, केवळ तीव्रताभेद मिळतो. दोन हृदयाकृती मायक्रोफोन परस्परांशी ९०° कोनात ठेवण्याच्या रीतीला ‘एक्स-वाय’ म्हणतात. हीत एका मायक्रोफोनाच्या अक्षावर असलेला ध्वनी दुसऱ्यास ९०° बाजूने येतो व निम्मा मिळतो, म्हणजे फरक फक्त ६ डेसिबेल होतो. पूर्ण विस्थापनाला १५ डेसिबेल लागतात, हे ध्यानात घेतल्यास या रीतीने मिळणारे चित्र अरुंद पण स्थिर का असते, हे समजते. बाराव्या पडद्यासमोर ३० सेंमी. अंतरावर ठेवलेली अशी जोडी नवशिक्यास सर्वांत सुरक्षित होय. हातात धरता येणाऱ्या अनेक लहान अंकीय ध्वनिमुद्रकांत हीच जोडी अंगभूत असते.

ब्लमलाइन जोडीत ९०° कोनात दोन द्विदिश मायक्रोफोन असतात. येथे एकाच्या अक्षावरील ध्वनी दुसऱ्याच्या शून्यदिशेत पडतो. म्हणून चित्र समोरच्या ९०° कोनात डावीकडून उजवीकडे पूर्ण व अत्यंत नैसर्गिक पसरते. पण ही जोडी मागील ९०° कोनातील खोलीही तितक्याच निष्ठेने टिपते. उत्तम सभागृहात हा गुण ठरतो, तर लहान टणक खोलीत तोच दोष होतो.

‘मध्य-पार्श्व’ पद्धतीचा प्रसार डेन्मार्कच्या नभोवाणीतील हॉल्गर लाउरिडसेन यांनी १९५० नंतरच्या दशकात केला. तिची मूळ कल्पना ब्लमलाइन यांच्या एकस्वातच होती. हीत एक मायक्रोफोन (म) वाद्याकडे व दुसरा द्विदिश मायक्रोफोन (प) आडवा, बाजूंकडे तोंडे करून ठेवतात. नंतर डावा मार्ग = म + प आणि उजवा मार्ग = म − प असे संकेत तयार करतात. दोन्ही मार्ग एकत्र केल्यास प पूर्णपणे नाहीसा होऊन २म एवढाच संकेत उरतो. त्यामुळे एकमार्गी श्रवणात ही पद्धती निर्दोष ठरते. शिवाय प चे प्रमाण कमीजास्त करून चित्राची रुंदी मुद्रणानंतरही ठरविता येते. स्टिरिओ तबकडीची खोबण आणि स्टिरिओ एफएम प्रक्षेपण यांतही हीच बेरीज-वजाबाकी वापरलेली आहे.

(२) निकटस्थ जोडी : फ्रेंच नभोवाणी संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘ओआरटीएफ’ मांडणीत दोन हृदयाकृती मायक्रोफोन १७ सेंमी. अंतरावर, परस्परांशी ११०° कोनात, तोंडे बाहेर करून ठेवतात. ‘एनओएस’ या डच मांडणीत अंतर ३० सेंमी. व कोन ९०° असतो. १७ सेंमी. अंतराने जास्तीत जास्त सु. ०·५ मिलिसेकंद कालभेद मिळतो व तो तीव्रताभेदाला पूरक ठरतो. चित्र रुंद, मोकळे आणि तरीही सुस्पष्ट येते. वाद्यापासून ५० ते ६० सेंमी. अंतर ठेवण्याइतकी खोली शांत असेल, तर एकट्या गिटारसाठी ही मांडणी उत्तम ठरते. हेडफोनवर ऐकतानाही ती सुखद वाटते, कारण तिच्यातील अंतर दोन कानांमधील अंतराच्या जवळपास आहे.

(३) दूरस्थ जोडी : दोन सर्वदिश मायक्रोफोन ४० ते ६० सेंमी. वा अधिक अंतरावर समांतर ठेवतात. हीत मुख्यतः कालभेद मिळतो. खर्ज भरदार व हवेशीर येतो, पण अंतर फार वाढविल्यास चित्राच्या मध्यभागी पोकळी पडते. घरी तिचेच एक रूप अधिक प्रचलित आहे. त्यात एक मायक्रोफोन बाराव्या पडद्यासमोर व दुसरा घोडीमागील फळीसमोर, दोन्ही २० ते ३० सेंमी.वर ठेवतात. एकात तारांचा तेजस्वी भाग व दुसऱ्यात लाकडाचा भरीव भाग येऊन नाद समृद्ध होतो. पण काटेकोरपणे पाहता हे स्टिरिओ चित्र नव्हे. ती एकाच वाद्याची दोन निराळी श्रवणचित्रे शेजारी मांडलेली असतात. कलाभेदाचा धोकाही (पुढे पहा) येथेच सर्वाधिक असतो.

अंतर व रुंदी : दांडीसह गिटारची लांबी सु. १ मी. असते. ३ मी. अंतरावर बसलेल्या श्रोत्याला ती सु. १९° कोनात दिसते. ३० सेंमी.वरील मायक्रोफोनांना मात्र ती सु. ११८° कोनात पसरलेली असते. म्हणजे जवळून केलेल्या स्टिरिओ मुद्रणात गिटार दोन ध्वनिक्षेपकांमधील सबंध जागा व्यापते आणि श्रोता जणू पेटीवर कान ठेवून ऐकतो. एकट्या वाद्याच्या रचनेत हा निकटपणा भावू शकतो. परंतु त्याच गिटारबरोबर गायन असेल, तर कंठाला मध्यभागी जागा ठेवावी लागते, आणि अनेक वाद्ये असतील, तर एवढी रुंद गिटार इतरांना झाकून टाकते. अशा वेळी एकच मायक्रोफोन पुरेसा व अधिक योग्य असतो. दुसरा मायक्रोफोन का लावायचा, म्हणजे वाद्य रुंद करण्यासाठी की त्याभोवतीची जागा ऐकविण्यासाठी, हे आधी ठरविणे म्हणूनच आवश्यक आहे.

कलेची तपासणी : एकच ध्वनी दोन मायक्रोफोनांपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचला आणि नंतर ते दोन्ही संकेत एकत्र केले, तर काही कंप्रतांची कला (तरंगाची त्या क्षणीची अवस्था) जुळून त्या वाढतात व काहींची विरुद्ध होऊन त्या नाहीशा होतात. मार्गांतील फरक ३४ सेंमी. असेल, तर विलंब १ मिलिसेकंद होतो आणि पहिली कंप्रता ५०० हर्ट्‌झपाशी गळते. पुढे १,५००, २,५०० हर्ट्‌झ अशा क्रमाने आणखी गळतात. कंगव्याच्या दातांसारख्या या आलेखामुळे गिटार नाकातून बोलल्यासारखी, पातळ ऐकू येते. दोन ध्वनिक्षेपकांवर हा दोष सहसा लपून राहतो. मोबाइल फोनचा एकुलता ध्वनिक्षेपक किंवा सभेतील सार्वजनिक ध्वनिक्षेपण यांत दोन्ही मार्ग एकत्र होतात आणि तो उघडा पडतो. ज्या मुद्रणावर वादकाने महिनोन्‌महिने मेहनत घेतली, ते बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत याच मार्गाने पोहोचत असेल, तर हा दोष किरकोळ मानता येत नाही.

म्हणून मांडणी झाल्यावर प्रथम दोन्ही मार्ग एकत्र करून ऐकावे. नाद पोकळ झाला, तर एक मायक्रोफोन थोडाथोडा पुढे-मागे सरकवून खर्ज परत येईल असे स्थान शोधावे. एका मार्गाची ध्रुवता उलटी करून पाहिल्यास निदान सोपे होते. उलटविल्यावर नाद अधिक भरीव झाला, तर मूळ जोडणीत चूक असण्याचा संभव असतो. समस्थानी मांडणीत हा प्रश्न जवळजवळ उद्‍भवत नाही, आणि घरी तिला प्राधान्य देण्याचे हे दुसरे सबळ कारण होय.

प्रत्यक्ष मुद्रण : मायक्रोफोन ठेवण्यापूर्वी वादकाला वाजवावयास सांगून दुसऱ्याने एक कान झाकून वाद्यासमोर हळूहळू फिरावे. जेथे नाद समतोल वाटेल, तेथे जोडीचा मध्य ठेवावा. नव्या तारा एक-दोन दिवस आधी चढवून स्थिर होऊ द्याव्यात. छताचा पंखा, शीतकपाट व घड्याळ यांचा आवाज एरवी लक्षात येत नाही, पण मुद्रणात तो स्पष्ट येतो. पंखा बंद केल्यावर खोली तापते व तारांचा स्वर उतरतो, हे लक्षात घेऊन प्रत्येक मुद्रणापूर्वी स्वर मिळवावा लागतो. शेजारच्या स्वयंपाकघरातील शिटी आणि रस्त्यावरील भोंगे यांना उपाय एकच, तो म्हणजे योग्य वेळ निवडणे. म्हणूनच घरगुती मुद्रणे बहुधा रात्री उशिरा वा पहाटे होतात. २४-अंकी (बिट) मुद्रणात पार्श्वगोंगाट फार खाली असल्याने संकेत कमाल मर्यादेला भिडविण्याची गरज नसते. सर्वांत जोराचा आघात कमाल मर्यादेच्या १२ डेसिबेल खाली राहील अशी पातळी ठेवावी. मर्यादा ओलांडल्यास होणारी विकृती नंतर दूर करता येत नाही. [→ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन].

भारतीय संगीतातील उदाहरण : हिंदुस्थानी संगीतात गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवितात. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिला रागसंगीतात स्थान मिळवून दिले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची तबकडी प्रसिद्ध आहे. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा तयार केली. त्यांनी व अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका प्रार्थनागृहात केलेले ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हे मुद्रण ब्लमलाइन जोडीवर केलेले आहे. १९९३ मध्ये प्रकाशित झालेल्या या मुद्रणास पुढील वर्षी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दोन्ही वाद्ये, त्यांची साथ आणि प्रार्थनागृहाचा निनाद हे सारे त्यात एकाच चित्रात सामावले आहे. जोडी दूर ठेवता आली, याचे श्रेय त्या वास्तूला होते. तरफेच्या तारांचा झंकार स्वराच्या मागून उठतो व आसमंतात विरतो. तो टिपण्यास वाद्याभोवतीची हवा मुद्रणात यावी लागते. अगदी जवळच्या मायक्रोफोनाला तो तुटक व कोरडा मिळतो.

घरी असे प्रार्थनागृह नसते. तेथे जवळ जावे तर वाद्य अवाजवी मोठे होते, दूर जावे तर खोली वरचढ होते. या पेचातून महाग मायक्रोफोन सोडवीत नाहीत. जाड पडदे, गाद्या व पुस्तके यांनी खोली शांत केली की, क्रांतिक अंतर वाढते, जोडी ३० सेंमी.वरून ५० वा ६० सेंमी.पर्यंत मागे नेता येते आणि तेवढ्याने गिटारचे तुटक भाग एकत्र येऊन पुन्हा एक वाद्य ऐकू येऊ लागते. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या सर्व मांडण्यांचे उद्दिष्ट अखेरीस हेच आहे.